लंगडी घालता येते का?

शाळेच्या शर्यतीत पहिला कोण आला, हे सगळ्यांच्या लक्षात राहते. शेवटी आलेले मूल धावताना हात कसे हलवत होते, पाऊल कसे टाकत होते, हे मात्र कोणी पाहत नाही. खरे तर मदत कुठे हवी, हे तिथेच कळते.

धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, चेंडू फेकणे आणि झेलणे ही हालचालींची मूलभूत कौशल्ये. वय वाढले की ती आपोआप येतात, असा आपला समज असतो. पण नीट फेकणे किंवा झेलणे हे अक्षरओळखीसारखेच दाखवावे लागते, गिरवून घ्यावे लागते.

ही कौशल्ये तपासण्यासाठी अमेरिकी संशोधक डेल उलरिच यांनी १९८५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी १३ कौशल्ये आहेत. धावणे-उड्या मारणे या प्रकारची ६ आणि चेंडूची ७. शिक्षक आधी कृती करून दाखवतात, मूल एकदा सराव करते, मग त्याला दोन संधी मिळतात. चेंडू किती लांब गेला याला गुण नाहीत. तो कसा फेकला याला आहेत. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे आला का? कंबर आणि खांदे वळले का? दिसले तर १, नाही तर ०.

आपल्याकडे ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीत ५ ते ८ वर्षांच्या मुलांचा एका पायावरचा तोल, हाताची चपळाई आणि उंची-वजन पाहतात. ते उपयोगीच आहे. पण हालचालीत नेमके काय चुकते आणि उद्या काय शिकवायचे, हे कृती बारकाईने पाहिल्यावरच कळते.

पालकांनाही घरी एवढे पाहता येईल : पाच वर्षांच्या मुलाला एका पायावर उड्या मारता येतात का? जमत नसेल तर रोज थोडी लंगडी, थोडी झेलाझेली खेळा. सराव करूनही मूल सतत अडखळत असेल, बटणे लावणे, लिहिणेही जड जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सुमारे ५ ते ६ टक्के मुलांमध्ये हालचालींच्या समन्वयाचा विकासात्मक दोष आढळतो. तो आळस नव्हे.

‘धांदरट’ म्हणून खेळाबाहेर बसवलेले मूल हळूहळू खेळायचेच सोडते. त्याला नाव ठेवण्याआधी एकदा त्याची लंगडी पाहा.