एका तारेतून तीस जण

कफ परेडच्या मच्छीमार नगरात उभं राहिलं, की एका बाजूला वाळत घातलेली जाळी दिसतात आणि मान जरा वर केली की वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा. मनोऱ्यातल्या एखाद्या कचेरीत दोनशे टेबलं नि दोनशे टेलिफोन. वस्तीजवळच्या मासळी व्यापाऱ्याकडे दोन खोल्या नि सात टेलिफोन. अडचण मात्र दोघांची सारखीच. लाइन ‘एंगेज’ लागली, की गिऱ्हाईक दुसरीकडे फोन फिरवतं. मासळीच्या धंद्यात तर हे फार बोचतं. ससून डॉकचा लिलाव पहाटेचा. दुपारी बाराला लागलेल्या फोनचा उपयोग काय?

टेलिफोनच्या तारा जोडण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे लोक अजून विचारतात, “साहेब, लाइनी किती घेऊ?” मी उलट विचारतो, “एका वेळी बाहेर किती जण बोलता?”

मुंबईत पहिलं टेलिफोन एक्स्चेंज 1882 साली सुरू झालं. तेव्हापासून हिशेब सरळ होता. एका संभाषणाला तांब्याच्या तारांची एक जोडी. दहा जणांना बोलायचं, तर दहा जोड्या. त्यात ही भरावाची जमीन आणि खारी हवा. पावसाळ्यात केबलच्या सांध्यात पाणी शिरलं, की खरखर सुरू!

डिजिटल लाइनीने हा हिशेब मोडला. तिला धंद्यात ‘पीआरआय’ म्हणतात. आपला आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजतात आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहितात. म्हणजे एका आवाजाला सेकंदाला 64,000 बिट. आता अशी हातगाडी डोळ्यांसमोर आणा, जिच्यावर 32 पाट्या आहेत आणि जी सेकंदाला 8000 फेऱ्या मारते. तीस पाट्यांत तीस जणांचे आवाज. एक पाटी खुणेची, गाडी कुठून मोजायची ते सांगणारी. उरलेली निरोपांची: फोन कोणाचा, हवा कोणाला, ठेवला कोणी. ज्याची पाटी त्यालाच. तो गप्प बसला तरी त्याची पाटी जातेच. त्यामुळे बोलणं मागेपुढे होत नाही. निरोपांच्या पाटीमुळे आणखी एक सोय होते. कचेरीतल्या शंभर टेबलांना शंभर वेगळे नंबर देता येतात आणि वाटा तीसच पुरतात, कारण शंभर जण एकदम बोलत नाहीत.

त्या मासळी व्यापाऱ्याला एका विक्रेत्याने पीआरआय गळ्यात मारायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, आठ दिवस वहीत लिहून ठेवा, एका वेळी जास्तीत जास्त किती फोन चालू असतात. आकडा निघाला सहा. सहा जणांसाठी तीस पाट्यांचं भाडं कशाला?

अशांना आता ‘सिप ट्रंक’ बरी. (बँकेतल्या हप्त्यांच्या एसआयपीशी हिचं नातं नाही, हं.) इथे ठरलेली पाटी नसते. आवाजाची छोटी गाठोडी करून, प्रत्येकावर पत्ता लिहून ती डेटाच्या वाटेवर सोडतात. वाटा सहा हव्यात तर सहा घ्या, हंगामात आठ करा. पण त्याच वाटेवर कोणी सिनेमा उतरवत बसला, तर गाठोडी उशिरा पोचतात आणि शब्द तुटतात. तेव्हा आवाजाला आधी वाट द्यायची व्यवस्था करून घ्यावीच लागते.

विक्रेते सहसा बोलत नाहीत ती गोष्ट विजेची. तांब्याच्या साध्या फोनला एक्स्चेंजच्या 48 व्होल्ट बॅटरीतून वीज मिळायची; घरात अंधार असला तरी घंटा वाजे. डिजिटल लाइनीचा मोडेम आणि कचेरीतला ईपीएबीएक्स हे आपल्या विजेवर चालतात. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा ज्यांच्या बॅटऱ्या नावापुरत्या होत्या त्यांचे फोन मुके झाले. शिवाय दहा जोड्यांतली एक तुटली तर नऊ चालत. इथे एक तार तुटली की तीसही जण गप्प.

म्हणून त्या व्यापाऱ्याला मी दोन कामं सांगितली. मोडेम आणि ईपीएबीएक्स दोन्हींना पुरेल अशी बॅटरी घ्यायची, आणि लाइन पडली तर येणारे फोन आपोआप मोबाईलवर वळतील असं कंपनीकडून आधीच करून घ्यायचं. मग आम्ही एका दुपारी मोडेमची वायर मुद्दाम काढली आणि समोरच्या चहावाल्याच्या फोनवरून दुकानाचा नंबर लावून पाहिला.