'डिअर सर'... पुढे काय?

मुलांनो, आजीला पत्र लिहायचं तर पेन कसं भराभर पळतं! पण इंग्रजीत औपचारिक पत्र लिहा म्हटलं, की बऱ्याच जणांचं गाडं 'डिअर सर'पाशीच अडतं. खरं तर हे काम मुळीच अवघड नाही.

समजा, तुमच्या वर्गाची सहल बंगळुरूला निघाली आहे. तिथल्या कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय ४० मुलांना पाहायचंय. तिथल्या संचालकांना मराठी येत असेलच असं नाही, म्हणून पत्र इंग्रजीत. ते तुम्हाला ओळखत नाहीत आणि त्यांना कामंही पुष्कळ. पत्र चटकन समजलं, तरच उत्तर लवकर येणार!

आता मांडणी पाहू. सगळ्या ओळी डाव्या समासापासून सुरू करा. आधी स्वतःचा पत्ता, मग तारीख. महिना अक्षरांत लिहा, बरं का! कारण ३/४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण अमेरिकेत ४ मार्च. त्याखाली 'द डायरेक्टर', संग्रहालयाचं नाव, पत्ता आणि सहा आकडी पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या पिनकोडचा पहिला आकडा टपालाचा विभाग सांगतो. महाराष्ट्राचा ४, कर्नाटकाचा ५.

मग 'डिअर सर ऑर मॅडम' आणि एका ओळीत विषय. पुढे तीन छोटे परिच्छेद, मध्ये एकेक ओळ मोकळी. पहिल्यात आपण कोण आणि काय हवंय. दुसऱ्यात तारीख, वेळ, मुलांची संख्या. तिसऱ्यात उत्तर कधीपर्यंत हवं ते आणि आभार.

शेवट करताना मराठीतलं 'लोभ असावा' इंग्रजीत नेऊ नका. शब्दकोशात 'लोभ' शोधलात, तर 'ग्रीड' सापडेल! 'डिअर सर'ने सुरुवात केली असेल, तर शेवटी 'युअर्स फेथफुली'. 'डिअर मिस्टर' किंवा 'डिअर मिझ' लिहून पुढे आडनाव घातलं असेल, तर 'युअर्स सिन्सिअरली'. 'युअर्स'मध्ये स्वल्पविरामासारखं वरचं चिन्ह कधीच येत नाही. त्याखाली सही आणि स्पष्ट अक्षरांत पूर्ण नाव.

आणि हो, 'आय बेग टू से' कशाला? आपण भीक थोडीच मागतोय! 'काइंडली डू द नीडफुल' लिहिलं, तर नेमकं काय करायचं ते वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? हवं ते सरळ सांगा. एक 'प्लीज', एक 'थँक यू' पुरे. समोरच्याचा वेळ वाचवणं हीच या पत्रातली खरी नम्रता.

ई-मेललाही हेच लागू. फक्त वरचे पत्ते नकोत. विषय मात्र हवाच. परीक्षेत पत्र लिहिताना शिक्षकांनी शिकवलेली मांडणीच ठेवा. पत्ता उजवीकडे की डावीकडे, हे शाळेप्रमाणे बदलतं.

पालकहो, एक विनंती. मजकूर तुम्ही सांगू नका. मुलांना स्वतः लिहू द्या, तुम्ही फक्त एकदा वाचून पाहा. आपल्या चार ओळी वाचून दूरच्या गावचा अनोळखी माणूस उत्तर पाठवतो, तेव्हा मुलांना जी हिंमत येते, ती गुणांत मोजता येत नाही.

मग काय दोस्तांनो, घेताय ना कागद-पेन?