स्विच आपला शेजारी कसा ओळखतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीडचे जिल्हाधिकारी कार्यालय असो की अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, एवढ्या मोठ्या आवारातले संगणक, प्रिंटर आणि कॅमेरे जोडायला एक स्विच पुरत नाही. मग बिघाड झाला की पहिला प्रश्न येतो: भिंतीतून गेलेली ही केबल पलीकडे नेमकी कुठे लागली आहे? मॅनेज्ड स्विचवर एलएलडीपी, म्हणजे लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल चालू असेल, तर त्याचे उत्तर स्विचच देतो. तरीही गैरसमजांमुळे ही सोय अनेकदा वापरलीच जात नाही.

गैरसमज: स्विच संपूर्ण नेटवर्क धुंडाळतो.
वस्तुस्थिती: त्याला फक्त थेट जोडलेले उपकरण कळते. एलएलडीपीचा संदेश शेजाऱ्यापाशीच थांबतो. नियमानुसार तो पुढे पाठवायचा नसतो. मात्र काही साधे, अनमॅनेज्ड स्विच तो पुढे जाऊ देतात. तेव्हा मधला स्विच शेजाऱ्यांच्या यादीत दिसतच नाही आणि त्याच्या पलीकडचे उपकरण शेजारी असल्याचे भासते.

गैरसमज: स्विच विचारतो आणि शेजारी उत्तर देतो.
वस्तुस्थिती: इथे प्रश्नोत्तरे नाहीत. प्रत्येक उपकरण साधारणपणे दर ३० सेकंदांनी स्वतःची ओळख, पोर्ट आणि माहितीची मुदत जाहीर करते. मुदत बहुधा १२० सेकंदांची असते. तेवढ्यात नवा संदेश आला नाही, तर नोंद पुसली जाते.

गैरसमज: शेजारी ओळखायला आयपी पत्ता लागतो.
वस्तुस्थिती: लागत नाही. हे काम थेट इथरनेटच्या पातळीवर चालते. म्हणून आयपी न दिलेला नवा स्विचही यादीत दिसू शकतो.

गैरसमज: सगळे स्विच एकाच कंपनीचे हवेत.
वस्तुस्थिती: ती अडचण सिस्कोच्या सीडीपीसारख्या खासगी प्रोटोकॉलची होती. एलएलडीपी हे आयईईईचे ८०२.१एबी हे खुले मानक असून ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

गैरसमज: एलएलडीपी सगळीकडे चालू ठेवला तरी बिघडत नाही.
वस्तुस्थिती: या संदेशात स्विचचे नाव, मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्तीही असू शकते, आणि पाठवणारा खरा आहे का, याची पडताळणी होत नाही.

म्हणून आपल्या स्विचांमधल्या जोडण्यांवर एलएलडीपी चालू ठेवा. बाहेरच्यांना वापरता येणाऱ्या पोर्टवर आणि इंटरनेट पुरवठादाराच्या जोडणीवर बंद करा. प्रत्येक स्विचला इमारत आणि मजला कळेल असे नाव द्या. नाव नीट असेल, तरच शेजाऱ्यांची यादी ऐनवेळी उपयोगी पडेल.