कापसाच्या गाठीवरचा रुपया

मुंबईच्या चाळी कुणा दानशूर शेठांनी गरिबांसाठी बांधल्या, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. वऱ्हाडाचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे तर कुणाच्या मनातही येत नाही.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी सरकारी आहेत. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि त्यानं त्या उभारल्या. बेत ५० हजार खोल्यांचा होता. झाल्या सुमारे १६ हजार, २०७ इमारतींत. खोली १६० चौरस फुटांची. भाडं कामगारांना परवडेना, म्हणून सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्याच राहिल्या. १९३० च्या सत्याग्रहात तर सरकारनं वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला! भाड्यातून खर्च भरून निघणार नाही, याचा अंदाज आधीपासूनच होता. तूट भरायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसवली गेली. अकोला, अमरावती, खामगावच्या प्रेसमधून मुंबईला जाणाऱ्या गाठीही त्यातून सुटल्या नाहीत. तो रुपया शेवटी व्यापाऱ्याच्या खिशातून गेला, गिरणीवाल्याच्या की कपाशी पिकवणाऱ्याच्या, यावर वाद घालावा. दान मात्र ते नव्हतं.

धर्मादाय घर म्हणजे फुकटचं घर, हाही असाच एक समज. या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण लंडनचं. जॉर्ज पीबडी यांनी १८६२ मध्ये मोठी देणगी दिली, त्यातून कामकरी कुटुंबांसाठी इमारती झाल्या. पण तिथं भाडं होतं, तेही आगाऊ. आज काम आहे, उद्या नाही, अशा मजुराला तिथं शिरकाव मिळणं अवघडच. आपल्या जवळचं उदाहरण नागपूरचं. एम्प्रेस मिलनं इंदोऱ्याला कामगारांची वसाहत वसवली ती भूखंड आणि कर्ज देऊन. घर कामगारानं स्वतः बांधायचं. मला ही रीत दानापेक्षा सरस वाटते, कारण कर्ज फिटलं की कुणाचे उपकार उरत नाहीत.

मग अकोला-अमरावतीत अशा वसाहतींचं पेव का फुटलं नाही? इथले धनिक चिक्कू होते म्हणून? कारण धंद्यातच आहे. बडनेऱ्याची किंवा अकोल्याची कापड गिरणी सोडली, तर इथलं मुख्य काम जिनिंग-प्रेसिंगचं, म्हणजे हंगामी. कापूस आला की रेचे सुरू, संपला की मजूर आपापल्या गावी. चार-सहा महिन्यांच्या माणसासाठी बारमाही घर कोण बांधणार? मजुरानं आपली झोपडी आपणच उभारली.

गाडगेबाबांनी गरिबांना घरं बांधून दिली, असंही सांगतात. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसानं बांधल्या त्या धर्मशाळा, आणि धर्मशाळा मुक्कामापुरती असते. तिचं मोल त्यामुळं कमी होत नाही. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना इतर धर्मशाळांची दारं बंद होती, म्हणून चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढं १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण नातेवाइकांसह उतरतात. टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या परगावच्या माणसाला या मुक्कामाची किंमत विचारा. बाबा स्वतः मात्र बेघरच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला.

राहता राहिली म्हाडा. ती मुंबईची आणि आपल्याकडे उशिरा पोचली, असं मानणारे बरेच आहेत. खरं तर विदर्भाचं वेगळं गृहनिर्माण मंडळ तिच्याआधीपासून होतं. १९७७ मध्ये ते मुंबईच्या मंडळांबरोबर म्हाडात विलीन झालं, आणि आज अमरावतीला म्हाडाचं स्वतंत्र विभागीय मंडळ आहे.