परागाचा दाणा : फुलाचा की माशीचा?

औषधांच्या दुकानांत आणि सुक्या मेव्याच्या पेढ्यांवर अलीकडे एक नवी बरणी दिसू लागली आहे. आत मोहरीहून किंचित मोठे पिवळे, केशरी, क्वचित जांभळट दाणे. वर ‘बी पोलन’ अशी चिठ्ठी, फुलाचे चित्र आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका. ‘फुलांचा शुद्ध आहार’, ‘संपूर्ण प्रथिने’, ‘शाकाहारींसाठी बी-१२’ अशी आश्वासनेही तिच्यासोबत येतात. आपल्या समाजातील कुटुंबे या बरणीकडे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी पाहतात, विक्रेते म्हणून आणि ग्राहक म्हणूनही. तेव्हा आत नेमके काय आहे, हे दोन्ही नात्यांनी जाणून घेणे अगत्याचे ठरते.

पराग म्हणजे फुलातील पुंकेसरांवरची भुकटी, हे शाळेत शिकलेले खरेच. पण बरणीतला दाणा म्हणजे नुसती ती भुकटी नव्हे. कामकरी माशी फुलावर वावरते तेव्हा तिच्या अंगावरच्या केसांना पराग चिकटतात. ते ती पायांनी विंचरून काढते, आपल्या मधकोशातून तोंडावाटे बाहेर आणलेल्या मधाने किंवा मकरंदाने ओले करते, त्यात तिची लाळही मिसळते, आणि मागच्या पायांवरील टोपलीसारख्या खळग्यांत दाबून बसवते. तेव्हा कोठे तो दाणा घडतो. फुलाचा म्हणून विकल्या जाणाऱ्या या पदार्थाला बांधणारा चिकटपणा मधाचा आहे, ही गोष्ट चिठ्ठीवर क्वचितच सापडते.

दोन्ही पायांवरचे ओझे मिळून साधारण १५ मिलिग्रॅम भरते. या हिशेबाने एक किलो पराग म्हणजे माशांच्या ६५ हजारांहून अधिक खेपा. मधाने वसाहतीला ऊर्जा मिळते, परंतु प्रथिनांसाठी तिला परागावाचून दुसरा आधार नाही. तरुण दाई माश्या तो खातात आणि त्याच्या बळावर अळ्यांचे अन्न तयार करतात. एका भरल्या वसाहतीला वर्षाला सुमारे २० किलो, कधी त्याहूनही अधिक पराग लागतो. मधमाशीपालक पेटीच्या दाराशी सुमारे ५ मिलिमीटर छिद्रांची जाळी बसवतात. माशी अंग चोरून आत शिरते, पायांवरचे ओझे मात्र खरवडले जाऊन खालच्या तबकात पडते. यात माशी मारली जात नाही, असे विक्रेते सांगतात आणि ढोबळमानाने ते खरे आहे. तरी जाळीतून जाताना काहींचे पंख व पाय दुखावतात, आणि जाळी फार दिवस ठेवली तर अळ्यांचे पोषण खुंटते. जाणते पालक म्हणूनच ती मधूनमधून काढून ठेवतात.

आता पोषणाचा हिशेब. परागात सरासरी पाचवा हिस्सा प्रथिने असतात; फुलाच्या जातीनुसार हे प्रमाण बरेच कमीअधिक होते. शर्करा, थोडी स्निग्धता, ब गटातील काही जीवनसत्त्वे, खनिजे आणि पिवळा-केशरी रंग देणारी द्रव्येही त्यात असतात. शरीराला अन्नातूनच घ्यावी लागणारी सर्व अमिनो आम्ले त्यात आढळतात. तेव्हा पदार्थ निःसत्त्व नाही. पण जमाखर्च मांडताना मात्रा पाहावी लागते. रोज एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, पराग घेतला तर त्यातून प्रथिने मिळतात जेमतेम १ ग्रॅम. तीस ग्रॅम मूगडाळीत ती सुमारे ७ ग्रॅम असतात. शिवाय परागकणाचे बाह्य कवच निसर्गातील अतिशय चिवट पदार्थांपैकी एक आहे, त्यामुळे आतील अंशातला काही भाग न पचताच निघून जातो. बाजारात परागाचा भाव किलोला हजार रुपयांच्या पुढे असतो. डाळीचा भाव वाचकांना ठाऊकच आहे.

बी-१२चा दावा अधिक गंभीर आहे, कारण या जीवनसत्त्वाची उणीव शाकाहारी घरांत खरोखरच आढळते. वनस्पती बी-१२ तयार करीत नाहीत, आणि परागावर त्यासाठी विसंबता येत नाही. दूध, दही, ताक यांतून ते काही प्रमाणात मिळते. उणीव असल्यास रक्ततपासणी करून वैद्यांच्या सल्ल्याने गोळी घेणे हाच मार्ग आहे. हे बी-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून बनवतात. कॅप्सूल मात्र जिलेटिनची नाही ना, ते विचारून घ्यावे. परागाच्या भरवशावर उपचार लांबवले, तर मज्जातंतूंचे होणारे नुकसान पुढे भरून येतेच असे नाही.

धोक्याची बाजू थोडक्यात, पण ठळकपणे सांगायला हवी. परागाची अॅलर्जी असलेल्यांना पहिल्याच चमच्यानंतर काही मिनिटांत श्वास कोंडण्यापर्यंत त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दमेकरी, गर्भवती, स्तनदा माता आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणारे यांनी यापासून दूर राहावे. ताजा पराग दमट असतो. नीट वाळवला नाही तर त्याला बुरशी धरते, आणि शेतातील कीटकनाशकांचे अंशही त्यात उतरतात. वजन घटते, अॅलर्जी बरी होते, आयुष्य वाढते हे दावे जुनेच आहेत. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच निराधार दाव्यांबद्दल तेथील एका पराग-विक्रेत्या कंपनीवर कारवाई केली होती.

राहिला व्रताचा प्रश्न. दिगंबर परंपरेत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत गणला जातो. श्वेतांबर परंपरेत मध चार महाविगईंपैकी एक आहे. ‘माशी मरत नाही, मग दोष कोणता?’ हा युक्तिवाद आजचा वाटतो. परंतु आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात आपोआप गळालेल्या आणि पोळ्यातून युक्तीने काढून घेतलेल्या मधाचाही विचार झाला आहे, आणि तेथेही हिंसाच सांगितली आहे. पेटीच्या दाराशी लावलेली जाळी ही युक्ती नव्हे तर काय? दाण्यात मध मिसळलेला आहे आणि तो माशीच्या पिलांच्या वाट्यातून काढलेला आहे, हे ध्यानी घेता मधाचा त्याग केलेल्या घराने पराग वेगळ्या खात्यात टाकणे पटत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारावे. विचारताना मात्र पदार्थ ‘फुलांचा’ म्हणून नव्हे, तर तो कसा घडतो ते सांगून विचारावे.

हिरवा ठिपका येथे उपयोगी पडत नाही. आपल्या अन्नविषयक नियमांतील मांसाहारी पदार्थांच्या व्याख्येतून दूध, मध, मेण आणि लाख वगळलेली आहेत. मधाच्या बाटलीवरही तोच ठिपका असतो. २०२२च्या ‘व्हीगन’ अन्नाच्या नियमांत मात्र मध व मधजन्य पदार्थ बसत नाहीत, त्यामुळे ते चिन्ह अधिक नेमके. अर्थात त्यात कंदमुळांचा विचार नाही.

माशीवाचून पराग खाण्याची रीतही आहे. सिंधी समाजात पाणकणसाच्या परागापासून ‘बूर’ नावाची पिवळी मिठाई करतात. तो पराग पाणथळीतील कणसे झाडून मिळवतात. त्यात बारीक कीटक राहत असतील का, हा प्रश्न मात्र उरतोच.

ज्यांच्या पेढीवर ही बरणी आहे त्यांनी चिठ्ठीवरचा १४ आकडी परवाना क्रमांक, वाळवणीची व बांधणीची तारीख पाहून घ्यावी. रोगनिवारणाचे दावे असलेला माल परत करावा. घेणाऱ्याला दमा किंवा अॅलर्जी आहे का, हे विचारावे; आणि तो साधर्मिक असेल तर पैसे घेण्यापूर्वी दाण्यात मध असतो, हे त्याला सांगावे.