वर बघायचं नाही

घाटकोपरच्या भटवाडीत वाढलो. सात-आठ वर्षं दहीहंडीच्या पथकात दुसऱ्या थराला होतो. सरावाच्या पहिल्याच रात्री मास्तरांनी बजावलं, "वर बघायचं नाही." वर पाहिलं की मान हलते, मानेबरोबर खांदा, आणि खांद्यावर तर कुणाचा तरी पाय. मग हंडी कुठे आहे हे कळायचं कसं? कळायचंच नाही. दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर. कोण झुकतोय, कोण ताणतोय, एवढंच कळे. तेवढ्यावर गोल टिकायचा.

आता इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पोरं विचारतात, जीपीएस गेलं तर ड्रोनचा थवा एकमेकांवर आपटेल ना?

जीपीएस म्हणजे वर बघणं. वीस हजार किलोमीटरवरून येणारा सिग्नल मुळात क्षीण. पवईच्या टॉवरांवर आपटून आला की मोबाइलवरचा निळा ठिपका रस्ता सोडून तलावात उतरतो. कुणी मुद्दाम रेडिओचा गोंगाट केला तर तेवढंही नाही.

मग ड्रोन शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो, रेडिओचा. एक विचारतो, 'आहेस का?' दुसरा म्हणतो, 'आहे.' या जाण्यायेण्याच्या वेळेतून उत्तराला लागलेला वेळ वजा करायचा आणि उरलेल्याचं निम्मं घ्यायचं. रेडिओलहर सेकंदाच्या अब्जाव्या भागात 30 सेंटिमीटर जाते, त्यावरून अंतर निघतं. अल्ट्रा-वाइडबँडची चिप ते साधारण 10 सेंटिमीटरच्या फरकाने सांगते. माझ्या हाताला याहून बरं कळायचं, पण ते असो.

पण नुसत्या शेजाऱ्यावरून अख्खा थवा सांभाळता येतो? आता पवईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या अर्पिता सिन्हा यांनी बंगळूरच्या देबाशीष घोष यांच्यासह 2007 साली 'चक्रीय पाठलागा'वर काम केलं. पहिल्याने दुसऱ्याच्या मागे जायचं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, शेवटच्याने पहिल्याच्या. अख्खा घोळका कुणालाच दिसत नाही. तरी गणित जमलं तर, वेग वेगवेगळे असूनही, सगळे एकाच केंद्राभोवती फिरू लागतात.

गोम वेगळीच आहे. एका वर्षी असल्फ्याला आमचे थर झकास लागले. सगळ्यात वरच्या एक्क्याने हात वर केला, तर हंडी हातभर बाजूला! आमचं एकमेकांशी सगळं बरोबर होतं. अख्खा गोलच सरकला होता. ड्रोनचंही तेच. आपसातल्या अंतरांतून थव्याचा आकार कळतो, पण तो आकार आहे कुठे आणि वळलाय कुठे, हे कळत नाही. त्यासाठी एखाद्याला जमिनीकडे बघणारा कॅमेरा लागतो, किंवा ठाऊक जागेवर रोवलेला रेडिओचा खांब.

पुढच्या वर्षापासून मास्तर समोरच्या चाळीच्या गॅलरीत उभे राहू लागले. तिथून हाक यायची, "डावीकडे अर्धं पाऊल!" बेस सरकायचा. मगच आम्ही चढायचो.