घरच्या लेथची सत्तर वर्षे

मोटारीचा झिजलेला भाग घरच्याच गॅरेजात लेथवर मारून तयार करण्याचा जो परिपाठ मुंबई-पुण्याच्या काही घरांतून अद्यापि टिकून आहे, त्याचा उगम छंदात शोधू जाणे व्यर्थ आहे. तो शोधायचा तर सरकारी दप्तरातच शोधला पाहिजे. गाडीचे भाग क्रमाक्रमाने या देशातच तयार करण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी आहे त्यांनीच येथे राहावे, हा टॅरिफ कमिशनचा अभिप्राय १९५३ साली पुढे आला आणि १९२८ पासून मुंबईत मोटारींची जुळणी करणारी जनरल मोटर्स कंपनी लवकरच आपला गाशा गुंडाळून निघून गेली. तिच्या शेव्हरोले आणि ब्यूक गाड्या मात्र मालकांच्या दारात उभ्याच राहिल्या. परदेशी भाग मागवावा तर आयातीचा परवाना, परवान्यासाठी अर्ज, अर्जावर शेरा, आणि शेरा पडेपर्यंत गाडी विटांवर! अशा वेळी ज्याच्या घरी लेथ होता, किंवा निदान लेथवाल्याशी ज्याचा घरोबा होता, त्याचीच गाडी रस्त्यावर राहिली.

घरी लेथ असणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. हरिहरला म्हैसूर किर्लोस्करांचा कारखाना १९४१ पासून होता आणि बंगळूरला एचएमटी १९५३ साली निघाली. परंतु त्यांची यंत्रे जात ती कारखान्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपांत आणि तंत्रविद्यालयांत. घरगुती उत्साही गृहस्थाच्या वाट्याला यायचे ते बहुधा कुठल्यातरी लिलावातले पट्ट्यावर चालणारे विलायती धूड, ज्याच्या बेडवर चकाजवळची हातभर जागा आधीच्या मालकाने झिजवून ठेवलेली असायची.

पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० घरोघर आली. तीच यथावकाश पद्मिनी झाली, आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर उत्पादन थांबेपर्यंत तिचे १०८९ सी.सी.चे इंजिन मूलतः तेच राहिले. इतके दीर्घायुष्य लाभलेल्या गाडीचे भाग बाजारात उदंड होते. कुर्ल्याला जाऊन नाव घ्यावे की दुकानदार तो भाग फळीवर ठेवी. मग घरच्या लेथचे प्रयोजन काय उरले, असा प्रश्न कोणी विचारील, आणि त्याचे उत्तर मला या साऱ्या मागोव्यातील मर्माची गोष्ट वाटते. दुकानातला भाग नव्या गाडीच्या मापाचा असतो. तो ज्याच्याशी जुळायचा तो जोडीदार मात्र वीस वर्षांचा झिजलेला असतो. घरचा कारागीर नकाशाला विचारीत नाही, त्या झिजलेल्या जोडीदाराला विचारतो.

स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेल्या पद्मिनीच्या गिअरचेच उदाहरण घ्यावे. खालच्या जोडणीतले बुश झिजले की लिव्हर खुळखुळू लागते, पहिला टाकावा तर पडत नाही, आणि सिग्नलवर मागचे लोक हॉर्न वाजवून आपली वंशावळ उद्धरतात. बाजारातून नवे बुश आणून बसवले तरी खुळखुळा पूर्ण जात नाही, कारण आतला दांडाच एका अंगाने खाल्लेला असतो. जाणता मनुष्य प्रथम मायक्रोमीटर फिरवून दांडा कोठे किती लंबगोल झाला आहे ते पाहतो, मग चकात धरून त्यावर हलका हात मारून तो गोल करून घेतो, आणि नंतर त्या उरलेल्या मापाला अनुसरून गनमेटलच्या तुकड्यातून बुश काढतो. पोलादाची जशी लांब वळलेली साल निघते तशी गनमेटलची निघत नाही. त्याचा बुरा बारीक कणांनी उडतो आणि शर्टाच्या खिशात जाऊन बसतो. बाहेरचा व्यास घरापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर मोठा ठेवायचा, व्हाइसमध्ये धरून बुश दाबून बसवायचे, आणि बसल्यावर त्याचे भोक दाबामुळे किंचित आवळते हे जाणून रीमर शेवटी फिरवायचा, आधी नव्हे. शिवाय नुकताच उतरलेला जॉब गरम असतो; तो तसाच मोजला तर माप मोठे दिसते. ही सारी अक्कल पुस्तकात आहे, नाही असे नाही; पण ती हाताशी येते ती यंत्रापाशी उभे राहूनच.

आर्थिक धोरण १९९१ साली पालटले तेव्हा घरच्या लेथचे दिवस सरले असे अनेकांनी मानले, आणि झाले ते उलटेच. भोसरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांत सीएनसी यंत्रे शिरली आणि तेथील साडेचार फुटी, सहा फुटी जुने लेथ भंगाराच्या भावाने बाहेर पडू लागले. जे एकेकाळी संस्थेखेरीज कोणाला परवडले नसते, ते निवृत्त टर्नरच्या आवाक्यात आले. अडचण राहिली ती विजेची, कारण या यंत्रांना थ्री-फेजची मोटार आणि घरात सिंगल-फेज. कोणी मोटार बदलली, कोणी कंडेन्सरच्या खटपटी केल्या. अलीकडे व्हीएफडीचा एक डबा भिंतीला लावला की काम होते. शेजाऱ्यांच्या वामकुक्षीवर मात्र अजून कोणताही डबा निघालेला नाही.

मुंबईच्या टॅक्स्यांतील शेवटची पद्मिनी, वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर तिच्या भागांचे मोठे गिऱ्हाईकही गेले. ज्या दुकानदारांचा धंदा टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालत होता त्यांनी पद्मिनीचा माल नव्याने का भरावा? म्हणजे उरलेल्या हौशी मालकांना पुनश्च लेथकडे वळणे आले. फरक इतकाच की पूर्वी परवाना नव्हता आणि आता गिऱ्हाईक नाही. नवे तरुण संगणकावर नकाशा काढून, त्रिमिती छपाईने प्लास्टिकचा नमुना आधी बसवून पाहतात आणि मगच धातूला हात लावतात. ही सावधगिरी मला पसंत आहे. पाण्याच्या पंपाचा शाफ्ट, गिअरचे बुश, दाराच्या बिजागरीची पिन हे सारे त्यांनी खुशाल करावे. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे भाग मात्र, ज्या धातूचा पूर्वेतिहास ठाऊक नाही अशा भंगारातल्या सळईतून, घरी बनवले आहेत असे जो अभिमानाने सांगतो, त्याच्या हाताचे मी कौतुक करतो, आणि घरी परत येताना रिक्षा करतो.